पिवळं कूपन आणि पारण्याचं ताट

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नोकरीत असल्यापासून चाळीस वर्षं कीर्तन करतोय, पुष्कळ थापा पचवल्यात लोकांनी माझ्या. पण ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच पचायला जड जाईल.

आज उत्सवाची सांगता. काल्याचं कीर्तन. वर हंडी बांधलीय, मागे पाकशाळेत मसालेभाताला वाफ येतेय. वास येतोय ना? मलाही येतोय. तुमचे डोळे माझ्याकडे आणि नाकं तिकडे, हे मला इथून दिसतंय. हरकत नाही. आजचा विषयच जेवणाचा आहे.

प्रश्न असा, की माणसाचं जेवण वसूल कधी होतं?

हसू नका. साधा प्रश्न आहे. पैसे आधी भरलेत, पान मांडलंय, वाढणारा वाढतोय. तर ते वसूल कधी झालं म्हणायचं? पोट भरलं तेव्हा? शेजाऱ्यापेक्षा दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या तेव्हा? की ज्यानं पैसे घेतले त्याचं तोंड पडलं तेव्हा? पेटीवाले दिगंबरपंत, जरा काळी दोन द्या. ओळ माझीच आहे, उगाच कुणा संताच्या नावावर घालू नका.

आधी दिले मोल । मागे लागे घोर ।
पानावरी चोर । कोण बैसे ॥

पानावर चोर कोण बसलाय? वाढणारा, की जेवणारा? ऐका.

एक गृहस्थ होते. त्यांना आपण अमृतराव म्हणू. नाव खोटं, माणूस खरा. अजून जिवंत आहे, उगाच भांडण नको. अमृतरावांची सगळी नोकरी सरकारी भांडारात गेली. भांडार म्हणजे काय? आलेला माल मोजायचा, गेलेला माल मोजायचा आणि मधल्या प्रत्येक माणसाकडे चोर म्हणून बघायचं. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर कशी होते? घरी पाहुणा आला तर तो निघताना अमृतराव आधी चपला मोजायचे. आपल्या.

आणि एक सवय होती. संशय आला की उपरण्याच्या टोकाला गाठ मारायची. दूधवाला आज लवकर आला? गाठ. शेजारी हसून बोलला? गाठ. संध्याकाळी उपरणं बघितलं की माणसाचा दिवस कसा गेला ते कळायचं.

त्यांची पत्नी सुमतीबाई. साधी बाई. लग्न झाल्यापासून त्या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवत आलेल्या. आधी सासू-सासरे, मग मुलं, मग आला-गेला. त्यांच्या पानात कधी गरम काही पडलं नाही, आणि पडलं तर दोन घासांवर कुणीतरी हाक मारायचं. मीठ कुठाय? लोणचं कुठाय? की उठल्या.

आता इथे बायका माना हलवतायत आणि पुरुष वर हंडीकडे बघतायत. चालू द्या. आमच्या सौभाग्यवती तिकडे खांबाला टेकून बसल्यात. त्या माझी सगळी कीर्तनं ऐकतात, त्यामुळे त्यांना कशाचंच हसू येत नाही.

तर अमृतराव निवृत्त झाले. सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, एकदा समुद्र बघू या." अमृतरावांनी चौकशी केली. कोकणात एक निवास होता. नारळाच्या बागेत चार खोल्या, समोर समुद्र. मालक विसूभाऊ स्वतः वाढायचे, आणि त्यांची आई, माई, रांधायची. तिथे एक योजना होती. चार दिवसांच्या जेवणाचे पैसे आधी भरायचे आणि मग हवं तितकं जेवायचं. पैसे भरले की कूपनं मिळत. न्याहारीला गुलाबी, दोन्ही वेळच्या ताटाला पिवळं. प्रत्येक माणसाचं वेगळं. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: न वापरलेलं कूपन परत घेतलं जाणार नाही.

ही ओळ अमृतरावांनी भिंग लावून वाचली आणि गाठ मारली.

"सुमे," ते म्हणाले, "इथेच मेख आहे. माणूस हवं तितकं खाईल हे ठाऊक असून हा पैसे आधी का घेतो? कारण आपण कमी खाणार अशी व्यवस्था त्यानं करून ठेवलेली असणार."

"अहो, मला तुमचं ते वसूल-बिसूल काही नको," सुमतीबाई म्हणाल्या. "मला एकच हवंय. चार दिवसांत एकदा मी बसलेली असावी, कुणीतरी मला गरम वाढावं आणि शेवटचा घास होईपर्यंत मला कुणी उठवू नये. एवढं झालं की माझं वसूल."

"एकदा कशाला? चारही दिवस होईल," अमृतराव म्हणाले. "शब्द दिला."

हा शब्द लक्षात ठेवा, मंडळी. गोष्ट या शब्दावर उभी आहे.

वैशाखाचे दिवस. आमरसाचा मोसम. दोघं दुपारी पोचली. दारात विसूभाऊ उभे, हातात कोकम सरबताचे दोन पेले. "या काका, या काकू. उन्हातून आलात. आधी घशाखाली गार काहीतरी जाऊ द्या."

सुमतीबाईंनी हात पुढे केला. अमृतरावांनी तो मागे ओढला. "पिऊ नकोस. भूक मारायचा डाव आहे." गाठ.

जेवणघरात गेले. सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून. तुम्हीआम्ही काय म्हटलं असतं? वा, काय सोय आहे. अमृतराव काय म्हणाले? "माणूस लाटा बघत बसतो आणि खायचं विसरतो. फिरव खुर्ची." झालं, सगळं जेवणघर समुद्राकडे आणि ही दोघं भिंतीकडे. भिंतीवर एक पाल होती. तिच्याकडे बघत जेवायचं.

विसूभाऊंनी ताटं आणली. गरम भात, वरण, तूप, बटाट्याची भाजी, फणसाची भाजी, पुऱ्या, आमरसाची वाटी. सुमतीबाईंनी भात कालवला. घास उचलला.

"भात खाऊ नकोस," अमृतराव म्हणाले. "भात स्वस्त. आधी रस."

त्यांनी भात बाजूला केला. पुरी घेतली.

"पुरीनं पोट भरतं. नुसता रस पी."

रसाची वाटी उचलली, तर अमृतरावांनी ती हातातून घेतली, उलटीपालटी करून बघितली. "बघितलंस? तळ आत ढकललेला आहे. बाहेरून वाटी, आतून वाटीचा भास. आणि हे बघ, इथून स्वयंपाकघर लांब आहे. येईपर्यंत पुरी गार होते. ऊठ. दारापाशी बसू."

सुमतीबाई उठल्या. ताटं उचलली, दारापाशी नेली. तिथे धूर यायचा. पुन्हा उठल्या. तिसऱ्या जागेवर बसेपर्यंत भातावर तुपाचा थर धरला होता.

विसूभाऊ म्हणाले, "काका, काय हवं-नको ते सांगा ना. रस आणू? वाटी कशाला, तांब्याच ठेवतो."

आता तांब्या ठेवतो म्हटल्यावर माणूस काय म्हणेल? आणा म्हणेल. अमृतरावांनी सुमतीबाईंच्या कानात सांगितलं, "एवढा उदार होतोय, म्हणजे रसात काहीतरी आहे. भोपळा. माझी खात्री आहे, यात लाल भोपळा घोटलाय."

पहिला दिवस असा गेला. तीन गाठी. नाही, चार. पाल धरून पाच.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुऱ्या-भाजी होती. अमृतरावांनी छत्री आणलेली, ती मिटून खुर्चीला टांगली आणि एक पुरी तोंडात, एक पुरी छत्रीत, असं चालवलं. मधल्या वेळेला होतील म्हणून. मग दोघं समुद्रावर फिरायला गेली. ऊन चढलं. सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, छत्री उघडा." आणि हे विसरले! खटकन छत्री उघडली, आणि मंडळी, भर समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या डोक्यावर एकवीस पुऱ्यांचा पाऊस पडला. किनाऱ्यावरचे सगळे कावळे आले. पुढे दोन दिवस अमृतराव जिथे जातील तिथे कावळे मागोमाग. माणसाला वाटावं, यांचं काहीतरी करायचं राहिलंय.

काय म्हणता दिगंबरपंत? एकवीस जास्त होतात? छत्रीत मावणार नाहीत? बरं, एकोणीस घ्या. पेटी वाजवा तुम्ही, पुऱ्या मोजू नका. मोजणाऱ्याचीच गोष्ट चाललीय.

पण भोपळा काही डोक्यातून जाईना. दुपारी त्यांनी सुमतीबाईंना सांगितलं, "तू स्वयंपाकघरात जा. बायकांना कुणी अडवत नाही. सहज आल्यासारखं दाखव आणि रसात काय पडतं ते डोळ्यांनी बघ."

"अहो, मी जेवायला आलेय."

"पाच मिनिटांचं काम आहे."

सुमतीबाई गेल्या. आत माई एकटी. सत्तरीची बाई, चुलीपाशी घामानं निथळलेली. एका बाजूला आंब्यांची रास, एका बाजूला पुऱ्यांची कणीक. सुमतीबाईंनी बघितलं, आंबे पिळले जात होते, आंबेच पडत होते. भोपळा कुठे नव्हता. आता निघायचं ना? पण मंडळी, जन्मभर जिनं लाटणं धरलंय तिला समोर कणकेचे गोळे दिसले तर तिचे हात गप्प बसतील? बसल्या पाटावर. लाटू लागल्या.

"अगो, तू पाहुणी," माई म्हणाली. "ठेव ते."

"असू द्या माई. लाटता लाटता बोलू."

तासभर लाटल्या. माईनं विचारलं, "जेवलीस का नीट? काल बघितलं मी, तुझं ताट तीनदा फिरलं." सुमतीबाई हसल्या आणि पुढचा गोळा लाटायला घेतला. माई म्हणाली, "उद्या तरी बस शांतपणे." त्या म्हणाल्या, "उद्या एकादशी. निर्जळी असते माझी."

बाहेर आल्या तेव्हा पंगत उठलेली. पिवळं कूपन मात्र अमृतरावांनी वसूल केलं होतं. दोघांचं.

"भोपळा?" त्यांनी विचारलं.

"नाही. आणि उद्या एकादशी आहे."

अमृतराव मटकन खाली बसले. एकादशी! योजना घेताना भिंग लावून बारीक अक्षरं वाचली, पण पंचांग बघितलं नाही. मग गाठ कुणाच्या नावानं मारली? विसूभाऊंच्या. "ह्यानं बघितलं असणार पंचांग! आपल्यासारखी माणसं हेरून बरोबर एकादशी मध्ये घालतो. अख्ख्या दिवसाच्या कूपनांची राख." अहो, तारीख यांनीच निवडलेली. पण संशयाला तारीख लागत नाही, मंडळी. त्याला नुसता माणूस पुरतो.

"सुमे, प्रवासात उपास माफ असतो."

"तुम्हाला असेल."

"देवाला कळतं, पैसे आधी भरलेत ते."

"देवाला कळतं म्हणूनच धरते मी."

झालं. एकादशीच्या दिवशी अमृतरावांनी काय केलं? स्वतःची एकादशी तर मोडलीच, वर तिची कूपनं घेऊन दुसरंही ताट समोर घेतलं. सुमतीबाई पाण्याचा थेंब न घेता शेजारी बसलेल्या आणि हे दोन ताटांवर. डाव्या ताटातला घास उजव्या ताटाला कळू नये असं जेवण. रस तांब्यानं. शेवटी उठायला गेले तर उठता येईना. विसूभाऊ आले, त्यांनी हात धरला. बागेतला माळी आला. ओढलं, तर अमृतराव उठले, पण खुर्चीसकट. हातांच्या खुर्चीत घट्ट बसलेले. तसेच खुर्चीसकट खोलीपर्यंत नेले. संध्याकाळी जरा उतार पडला तेव्हा खुर्ची सुटली.

विश्वास बसत नाही ना? म्हटलंच होतं मी. अहो, तिकडे खांबाशी कोण खाकरलं? थंड पाणी द्या हो त्यांना.

आता चौथा दिवस. द्वादशी. दुपारी निघायचं. सकाळी लवकर पारणं सोडायचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. सुमतीबाई आंघोळ करून जेवणघरात आल्या, तर टेबलावर केळीचं पान. माई पहाटेपासून उठलेली. पानावर वाफा येणारा भात, मुगाचं वरण, तूप, अळूची भाजी, लिंबाची फोड, पुरणपोळी, आणि आमरसाची वाटी. आणि खुर्ची? समुद्राकडे तोंड केलेली. माई पदराला हात पुसत म्हणाली, "बस गो. काल दिवसभर काय्येक घेतलं नाहीस. आज मी वाढत्ये, तू जेव."

मंडळी, सुमतीबाई बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी वेगळं पान मांडलं होतं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, घास उचलला.

आणि दारातून आवाज आला. "थांब. हात लावू नकोस."

कोण? दुसरं कोण असणार?

"सकाळचं कूपन गुलाबी. गुलाबीवर न्याहारी असते. हे ताट आहे. पुरणपोळी! हे पिवळ्यावर लावणार आणि दुपारी सांगणार, तुमचं संपलं. मी विचारून येतो. तोवर हात लावू नकोस."

माई म्हणाली, "अहो, तिचं पारणं आहे. पारण्याला आम्ही कूपन नाही घेत."

आता सांगा, याच्यापुढे बोलायला काही राहतं का? पण अमृतरावांनी काय केलं? गाठ मारली. "फुकट? म्हणजे नक्कीच काहीतरी आहे." आणि विसूभाऊंना शोधायला निघाले. विसूभाऊ बाजारात गेलेले. हे फाटकाशी उभे राहिले. पाव तास. अर्धा तास. मागे पानावरची वाफ बसली. तूप गोठलं. भाताची ढेप झाली. आणि सुमतीबाई उचललेला घास पानात ठेवून हात मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसल्या. नवऱ्यानं हात लावू नकोस सांगितलेलं.

विसूभाऊ आले. हातात केळ्यांचा घड. "काय काका, उन्हात का उभे? काकूंचं पारणं झालं का? आई चार वाजता उठली होती त्यांच्यासाठी."

अमृतराव म्हणाले, "कुठल्या रंगाचं?"

"काय कुठल्या रंगाचं?"

"कूपन."

विसूभाऊंनी केळ्यांचा घड खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "काका, एवढे दिवस तुम्ही आमच्यात चोर शोधताय. सापडला का?"

दिगंबरपंत, सूर धरा. पानावरी चोर... कोण बैसे.

आता ऐका, इथे गोष्ट वळते. त्या एका प्रश्नानं अमृतराव हलले. उपरण्याच्या टोकाकडे बघितलं. सगळ्या गाठीच गाठी. आणि त्यांना उमगलं, की चार दिवस या बाईच्या पानातून जे चोरलं गेलं ते वाढणाऱ्यानं नाही चोरलं. डोळ्यांतून धारा लागल्या. धावत आत गेले. माईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, "माई, मला वाढू द्या." स्वतः चुलीपाशी बसले, ताजा भात लावला, नवं पान मांडलं, आपल्या हातानं वरण वाढलं, तूप वाढलं, पोळी वाढली. सुमतीबाई जेवल्या. शेवटच्या घासापर्यंत. हे उभे राहून वारा घालत होते. दुसऱ्यांदा भात मागितला तिनं! आणि मंडळी, त्या वेळी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या ओठाला आमरस लागलेला माईनं स्वतः बघितला.

हे झालं खरं वसूल! गोकुळात काला झाला तेव्हा कुणी विचारलं का, ही शिदोरी कुणाची, या रंगाच्या कूपनावर लोणचं बसतं की नाही? नाही. एकमेकांच्या तोंडात घास घातला आणि देव जेवला. तर बाबांनो, आता तुम्ही महाप्रसादाला बसाल. पहिली पंगत पुरुषांची, आपल्या गावाची तशी पद्धतच आहे. पण बसताना मनाला विचारा. मीठ कमी का, जिलबी शेजाऱ्याला मोठी का, वाढपी मला टाळतो का, हे बघायच्या आधी जरा मागे बघा. तुमच्या घरची सुमती कुठे उभी आहे? तिच्या पानात शेवटचं गरम कधी पडलं? त्या अमृतरावांसारखे तुम्हीही उठा आणि आपल्या हातानं...

"वाढलं नाही."

कोण बोललं? पेटी थांबवा जरा. बायकांकडून आवाज आला. कोण?

"मी बोलले. खांबापासून. अहो बुवा, छत्रीतल्या पुऱ्या खऱ्या आहेत. खुर्चीसुद्धा खरी आहे. ती सोडवायला मी साबण लावला होता. एकादशी मोडलीत, तेही खरं. शेवट तेवढा खोटा. रडलं कुणी नाही, भात कुणी लावला नाही. तुम्ही फाटकावरून आलात आणि म्हणालात, 'चालेल, खा आता, कूपन लागत नाही.' तोवर मी पान झाकून उठले होते. पारणं सोडलं ते एसटी स्टँडावर, चहा-बिस्किटावर."

हो... म्हणजे... मंडळी, गोष्टीत जरा...

"उपरण्याचं टोक मुठीतून सोडा. बघू देत सगळ्यांना. मघाशी खाकरले तेव्हाही एक गाठ मारलीत."

...

"ते पान अजून वाढायचं राहिलंय. आज पहिल्या पंगतीला मी बसते. उतरा खाली आणि वाढा. भात गरम आहे तोवर."